फिल्मवरून कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेऱ्याकडे वळताना

निगेटिव्ह फिल्मवर वर्षानुवर्षे छायाचित्रे काढलेल्या माणसाला डिजिटल कॅमेऱ्याची बटणे शिकायला फार वेळ लागत नाही, कारण अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र), शटरचा वेग आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) यांचे गणित दोन्हीकडे तेच आहे. वेळ लागतो तो हाताला लागलेले एक वळण बदलायला. निगेटिव्हवर सावली जपावी लागते आणि उजेड फिल्म स्वतःच बऱ्यापैकी सांभाळून घेते. डिजिटल सेन्सरवर उजेड जपावा लागतो आणि सावलीतला तपशील नंतर वर काढता येतो. गोव्यात तर चुन्याने रंगवलेली पांढरी भिंत, डोळे दिपवणारी वाळू आणि माडांची दाट सावली एकाच चौकटीत येतात, त्यामुळे हा फरक पहिल्याच दिवशी ठळकपणे समोर येतो. पेंटॅक्स के १०००, याशिका इलेक्ट्रो ३५ किंवा निकॉन एफएम२ यांसारख्या कॅमेऱ्यांवर हात बसलेल्या आणि आता रोल मिळवणे व धुऊन घेणे कठीण झाल्यामुळे लहान डिजिटल कॅमेरा घेऊ पाहणाऱ्यांसाठी पुढील सूचना लिहिल्या आहेत.

कॅमेरा निवडण्यापूर्वी

दुकानात जाण्याआधी आपल्या जुन्या निगेटिव्ह आणि प्रिंट काढून बसावे. बहुतेक छायाचित्रे कोणत्या लेन्सने काढली आहेत, आपण माणसांच्या किती जवळ जातो, आडवी चौकट अधिक घेतो की उभी, हे सर्व त्यांत नोंदलेले असते, आणि विक्रेत्याच्या शिफारशीपेक्षा ही माहिती निवडीसाठी कितीतरी अधिक विश्वासार्ह ठरते. ज्याचे निम्म्याहून अधिक काम २८ किंवा ३५ मिमीच्या लेन्सवर झाले आहे, त्याने दहापट झूमच्या मोहात पडू नये. रिको जीआर थ्री हा २८ मिमीइतकी दृष्टी देणारा, जीआर थ्री एक्स हा ४० मिमीच्या जवळची दृष्टी देणारा, आणि फुजीफिल्मच्या एक्स १०० मालिकेतील कॅमेरे ३५ मिमीची दृष्टी देणारे आहेत. या सर्वांची लेन्स एकच आणि न बदलणारी असते. ५० मिमीवर आयुष्य काढलेल्यांना ४० मिमीची दृष्टी सुरुवातीला किंचित सैल वाटेल, पण एक पाऊल पुढे टाकले की ती अंगवळणी पडते.

दुसरा प्रश्न सेन्सरच्या आकाराचा आहे आणि तो नीट समजून घ्यावा, कारण जाहिरातीत मेगापिक्सेलचा आकडा मोठा छापलेला असतो आणि सेन्सरचा आकार मात्र तपशिलात दडलेला असतो. ३५ मिमी फिल्मची चौकट ३६ × २४ मिमी असते. वर उल्लेखिलेल्या रिको आणि फुजीफिल्मच्या कॅमेऱ्यांत एपीएस-सी सेन्सर असतो, म्हणजे साधारण २३.५ × १५.६ मिमी. सोनी आरएक्स १०० मालिकेत, तिचे पहिले मॉडेल २०१२ मध्ये आले तेव्हापासून, ‘१ इंची’ म्हणून ओळखला जाणारा सेन्सर आहे. त्याचे प्रत्यक्ष माप १३.२ × ८.८ मिमी, म्हणजे नावापेक्षा बरेच लहान. स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये जो १/२.३ इंची सेन्सर असतो तो सुमारे ६.२ × ४.६ मिमीचा. माझे स्पष्ट मत असे आहे की फिल्मवरून येणाऱ्याने १ इंचीपेक्षा लहान सेन्सर घेऊ नये. आजच्या अनेक मोबाइल फोनमधील मुख्य सेन्सर १/२.३ इंचीपेक्षा मोठे असतात, त्यामुळे लांब पल्ल्याचा झूम सोडला तर तेवढ्यासाठी वेगळा कॅमेरा बाळगण्यात अर्थ उरत नाही.

व्ह्यूफाइंडरला डोळा लावून चौकट बांधण्याची सवय असेल तर ती गोष्ट निवडीत वरच्या क्रमांकावर ठेवावी. एप्रिलच्या दुपारी मिरामारच्या किनाऱ्यावर मागच्या पडद्यावर जवळजवळ काहीच दिसत नाही. एक्स १०० मध्ये डोळ्याने थेट पाहायचा आणि इलेक्ट्रॉनिक असे दोन्ही व्ह्यूफाइंडर एकत्र आहेत. रिको जीआरमध्ये मुळीच नाही, मात्र वरच्या खाचेत वेगळा ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर बसवता येतो. अ‍ॅपर्चरची कडी, शटरची तबकडी आणि एक्स्पोजर कमी-जास्त करणारी तबकडी बोटांखाली असणे हेही तितकेच महत्त्वाचे, कारण मेनूत शिरून बदलायची गोष्ट प्रत्यक्ष प्रसंगी बदलली जात नाही.

पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे जुने डिजिटल कॉम्पॅक्ट सध्या हौसेने विकत घेतले जातात. त्यांच्या रंगांत गोडी आहे हे खरे, पण घेण्यापूर्वी बॅटरी अजून मिळते का आणि कार्ड कोणते लागते हे पाहावे. ऑलिंपस आणि फुजीफिल्मच्या त्या काळच्या अनेक कॅमेऱ्यांना एक्सडी कार्ड लागत असे, आणि ते आता सहज मिळत नाही.

पहिल्या संध्याकाळी करायच्या गोष्टी

कॅमेरा हाती आल्यावर तारीख-वेळ बरोबर लावावी, कारण पुढे हजारो छायाचित्रांतून एक शोधताना तीच उपयोगी पडते. कार्ड संगणकात नव्हे तर कॅमेऱ्यातच फॉर्मॅट करावे. नोंद रॉ आणि जेपेग अशी दोन्ही प्रकारे ठेवावी: जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः तयार केलेली प्रत, आणि रॉ म्हणजे सेन्सरने दिलेली मूळ माहिती, जिच्यावर नंतर काम करता येते. फिल्मवाल्याला रॉ म्हणजे आपली निगेटिव्ह असे समजून चालता येईल. आवाज आणि फोकसला मदत करणारा दिवा बंद करावा. देवळाच्या सभामंडपात किंवा चर्चमधल्या प्रार्थनेच्या वेळी दोन्ही त्रासदायक ठरतात. चौकटीचे प्रमाण ३:२ ठेवले तर ३५ मिमीची सवय मोडत नाही. ज्यांचे पहिले प्रेम आग्फा क्लिक थ्रीची ६ × ६ सेंटिमीटरची चौरस निगेटिव्ह होती, त्यांना १:१ ही निवडही बहुतेक कॅमेऱ्यांत सापडेल.

त्यानंतर आयएसओ. रोल भरला की छत्तीस छायाचित्रांपर्यंत एकच संवेदनशीलता, हे बंधन आता राहिलेले नाही, पण पूर्ण मोकळीकही सुरुवातीला गोंधळात टाकते. स्वयंचलित आयएसओला दोन मर्यादा घालून द्याव्यात. १ इंची सेन्सरवर वरची मर्यादा १६०० किंवा ३२००, एपीएस-सीवर ६४००. आणि शटरचा किमान वेग माणसांसाठी १/१२५ सेकंद. यानंतर अ‍ॅपर्चर आपण ठरवायचे आणि बाकीचे कॅमेऱ्यावर सोपवायचे, अशी व्यवस्था अ‍ॅपर्चर-प्रायॉरिटीची सवय असलेल्यांना लगेच जमते.

उजेड जपणे

निगेटिव्ह फिल्मवर उजेड वाढत गेला तरी घनता हळूहळू मंदावत वाढते. त्यामुळे कोडॅक पोर्ट्रा ४०० सारख्या रंगीत निगेटिव्हवर दोन-तीन स्टॉप (प्रत्येक स्टॉपला उजेड दुप्पट) जास्त उजेड पडूनही चांगला प्रिंट निघतो. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल मात्र ठरावीक मर्यादेपर्यंतच प्रकाशाची मोजणी करू शकतो. ती मर्यादा गाठली की पुढचा सारा उजेड एकाच कोऱ्या पांढऱ्या रंगात नोंदला जातो आणि त्यातून तपशील परत मिळवण्याचा कोणताही मार्ग नसतो. ज्यांनी स्लाइड फिल्म वापरली आहे त्यांना हे वागणे ओळखीचे वाटेल, कारण अर्धा स्टॉप जास्त झाला तरी स्लाइडवरचे ढग नाहीसे होत असत. म्हणून निगेटिव्हवाल्यांनी डिजिटलकडे वळताना आपण स्लाइडच भरली आहे असे मानावे. निम्म्या अडचणी तिथेच मिटतात.

प्रकाशमापकाचे तत्त्व मात्र बदललेले नाही. तो समोरच्या दृश्याला मध्यम करडे समजतो. पणजीचे टेकडीवरचे पांढरेशुभ्र चर्च चौकट भरून घेतले तर मीटर त्याला करडे करू पाहतो आणि एक स्टॉप वाढवावा लागतो. तांबडी सुर्ल येथील महादेव मंदिराची काळ्या बेसॉल्टची भिंत चौकट भरून घेतली तर मीटर तिला फिकट करतो आणि एक स्टॉप कमी करावा लागतो. हे फिल्मवाल्याला ठाऊकच असते. खरी परीक्षा मिश्र दृश्यात असते. घराच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या छपराखालच्या बैठकीत, आजी बसलेली आहे, तिच्यावर छपराची सावली आहे आणि मागे उन्हाने तापलेला रस्ता दिसतो आहे, असे समजा. निगेटिव्हवर आपण जवळ जाऊन तिच्या चेहऱ्याचे मीटर घेतले असते आणि रस्त्याची काळजी प्रिंटच्या वेळी केली असती. डिजिटलवर चेहऱ्याचे मीटर घेतले तर रस्ता कोरा पांढरा होतो. इथे आधी विचार करावा की त्या रस्त्याचे छायाचित्रात काही काम आहे का. नसेल तर बाजूला सरकून भिंतीची पार्श्वभूमी घ्यावी. असेल तर एक ते दीड स्टॉप कमी देऊन घ्यावे आणि सावलीतला चेहरा नंतर रॉमधून उजळावा. कमी आयएसओवर घेतलेली एपीएस-सीची फाइल दोन-तीन स्टॉपपर्यंत हे सहज सोसते, १ इंचीची थोडे कमी सोसते.

उजेड हातातून निसटला की नाही हे सांगणारी दोन साधने प्रत्येक चांगल्या कॉम्पॅक्टमध्ये असतात. एक म्हणजे उजेड मर्यादेबाहेर गेलेला भाग पडद्यावर लुकलुकवून दाखवणारा इशारा, किंवा काही कॅमेऱ्यांत त्या भागावर उमटणारे तिरके पट्टे. दुसरे म्हणजे हिस्टोग्राम, म्हणजे छायाचित्रातल्या उजेडाचा आलेख, ज्याच्या डाव्या टोकाला काळे आणि उजव्या टोकाला पांढरे असते. आलेख उजव्या भिंतीला चिकटला तर उजेड गेला असे समजावे. पडद्यावर छायाचित्र उजळ दिसते की मंद, यावर विश्वास ठेवू नये, कारण उन्हात आपण पडद्याची प्रखरता वाढवतो आणि मग सर्वच छायाचित्रे योग्य वाटू लागतात. हिस्टोग्राम जेपेगवरून काढलेला असतो, त्यामुळे रॉमध्ये त्याहून थोडा जास्त तपशील शिल्लक असतो; पण त्या शिलकीवर आधीच भरवसा ठेवून उजेड देऊ नये. सूर्य, पाण्यावरची चमक आणि पेटता दिवा यांचा गाभा मात्र पांढरा होणारच, आणि त्याच्यासाठी सारे छायाचित्र काळवंडून टाकू नये.

आपल्या कॅमेऱ्याची नेमकी मर्यादा स्वतः मोजून ठेवणे सर्वांत उत्तम. पणजीतल्या मळा-फोंताईन्हासच्या गल्लीत सकाळी दहाच्या सुमारास उभे राहावे, जिथे एका बाजूला पिवळी किंवा निळी भिंत, तिची पांढरी किनार आणि समोर दाराची काळोखी चौकट एकत्र मिळते. कॅमेरा स्थिर धरून किंवा कठड्यावर ठेवून तेच दृश्य दोन स्टॉप कमीपासून दोन स्टॉप जास्तपर्यंत अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने घ्यावे. घरी रॉ उघडून पांढऱ्या किनारीतला चुन्याचा पोत कोणत्या पायरीवर नाहीसा होतो आणि दारातल्या अंधारातून किती काढता येते, ते पाहून वहीत लिहून ठेवावे. जो अभ्यास पूर्वी प्रत्येक नव्या फिल्मसाठी करावा लागत असे, तो आता एका कॅमेऱ्यासाठी एकदाच करायचा आहे.

छिद्र, खोली आणि फोकस

लहान सेन्सरची लेन्स प्रत्यक्षात फार आखूड असते, म्हणून तिची स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढून मागे स्पष्ट दिसणारा पट्टा, जास्त असते. १ इंची सेन्सरवर एफ/२.८ ठेवले तर खोली ३५ मिमीवरच्या साधारण एफ/७.६ इतकी मिळते, एक्स्पोजर मात्र एफ/२.८ चेच राहते. याचे दोन परिणाम लक्षात ठेवावेत. पार्श्वभूमी विरघळवून टाकणारी छायाचित्रे या कॅमेऱ्यातून फारशी निघत नाहीत, त्यामुळे पार्श्वभूमी निवडण्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. आणि निसर्गदृश्यासाठी एफ/११ किंवा एफ/१६ लावण्याची जुनी सवय इथे नुकसान करते: विवर्तनाच्या, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरण्याच्या, दृष्टीने १ इंचीवरचे एफ/८ हे ३५ मिमीवरच्या एफ/२२ सारखेच आहे आणि छायाचित्र मऊ पडते. त्या सेन्सरवर एफ/४, एपीएस-सीवर एफ/५.६ ते एफ/८ येथे थांबावे.

भर उन्हात यातून एक अडचण निर्माण होते. आयएसओ १०० वर एफ/१६ आणि १/१२५ सेकंद हा उन्हाचा जुना हिशेब एफ/४ वर १/२००० सेकंदाचा होतो, आणि कॉम्पॅक्टच्या लेन्समध्ये बसवलेले पाकळ्यांचे शटर काही मॉडेलमध्ये उघड्या अ‍ॅपर्चरला इतके वेगवान चालत नाही. म्हणूनच अनेक चांगल्या कॉम्पॅक्टमध्ये दोन ते चार स्टॉप उजेड कापणारा एनडी फिल्टर आतच बसवलेला असतो. तो मेनूत शोधून एखाद्या बटणाला जोडून ठेवावा. याच पाकळ्यांच्या शटरचा एक मोठा लाभही आहे. पेंटॅक्स के १००० वर फ्लॅश १/६० सेकंदापेक्षा वेगाने जुळत नसे, पण या शटरला फ्लॅश १/१००० सेकंदाच्या आसपासही जुळतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ताडपत्रीच्या सावलीत बसलेल्या विक्रेत्या बाईंचा चेहरा आणि मागचे ऊन यांचा मेळ घालायला एवढासा फ्लॅश, शक्ती दोन स्टॉप कमी करून, पुरेसा होतो. अर्थात आधी त्यांची परवानगी घ्यावी.

शटर अर्धे दाबून फोकस धरायचा, चौकट जुळवायची आणि मग पूर्ण दाबायचे, ही क्रिया काही दिवसांत हातात बसते. तरीही फिल्मवर अंतराची खूण लावून रस्त्यावर फिरणाऱ्यांनी ती पद्धत सोडू नये. १८ मिमीच्या प्रत्यक्ष लेन्सवर एफ/८ आणि अडीच मीटर अंतर लावले तर साधारण सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. रिको जीआरमध्ये यासाठीच ठरावीक अंतराचा स्नॅप फोकस दिला आहे. शिगम्यातील, म्हणजे गोव्याच्या वसंतोत्सवातील, रोमटामेळ ही मिरवणूक ढोल-ताशांसह अंगावर येतो तेव्हा स्वयंचलित फोकस झेंड्यावर की चेहऱ्यावर ठरवत बसतो, आणि तेवढ्यात क्षण निघून जातो. अंतर आधीच लावलेले असले की फक्त शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या आसपास ठेवून वाट पाहायची.

रंग आणि दिव्यांचा उजेड

दिवसाच्या प्रकाशासाठी बनवलेली फिल्म सुमारे ५५०० केल्विनवर (प्रकाशाच्या रंगाचे माप; आकडा लहान तितका रंग तांबूस) जुळवलेली असे, त्यामुळे संध्याकाळ पिवळी आणि सावली निळी यायची आणि आपण ते सत्य म्हणून स्वीकारत होतो. डिजिटलमधील स्वयंचलित व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरे दिसावे म्हणून रंग जुळवणारी सोय, हे सत्य पुसून टाकतो. व्हाइट बॅलन्स ‘दिवसाचा उजेड’ या निवडीवर स्थिर ठेवावा असा माझा आग्रह आहे. रॉमध्ये तो नंतर बदलता येतोच, पण एकाच संध्याकाळची छायाचित्रे एकमेकांशी रंगाने जुळलेली दिसतात आणि डोळ्याला ती वेळ परत ओळखता येते. दिवजोत्सवात सुवासिनी हातात पेटते दिवे घेऊन देवळाभोवती फिरतात, त्या तेलाच्या ज्योतीचा रंग सुमारे २००० केल्विनचा असतो. स्वयंचलित निवडीवर तो गोरा-फटफटीत होतो, दिवसाच्या निवडीवर फार तांबडा वाटला तर ३२०० केल्विनच्या आसपास थांबावे. अशा ठिकाणी १/६० सेकंद, सर्वांत उघडे अ‍ॅपर्चर आणि आयएसओ ३२०० पासून सुरुवात करावी, आणि मीटर काळोखाला भुलून जास्त उजेड देतो म्हणून एक स्टॉप कमी ठेवावा. देवस्थानाच्या आवारात छायाचित्रणाला मनाई असेल तर ती पाळावी. फ्लॅश तर मुळीच वापरू नये.

चवथीच्या माटोळीची, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या छताची, गोष्ट निराळी आहे. वर रानफळांची हिरवी-पिवळी-तांबडी गर्दी, बाजूला ट्यूबलाइट आणि मखराभोवती एलईडीच्या माळा, असा तिहेरी उजेड कोणताही कॅमेरा एका आकड्यात बसवू शकत नाही. शक्य असेल तर घरच्यांना विचारून माळा काही क्षण बंद कराव्यात आणि सकाळी दारातून येणाऱ्या उजेडात छायाचित्र घ्यावे. एलईडीखाली इलेक्ट्रॉनिक शटर वापरले तर छायाचित्रावर आडवे पट्टे उमटू शकतात, म्हणून यांत्रिक शटरच निवडावे.

कृष्णधवल काम करणाऱ्यांनी आपले पिवळे, नारिंगी आणि लाल फिल्टर या कॅमेऱ्यावर चढवू नयेत. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १९७६ मध्ये पेटंट मिळालेल्या रचनेनुसार सेन्सरवरील निम्मे पिक्सेल हिरवा, एक चतुर्थांश लाल आणि एक चतुर्थांश निळा प्रकाश टिपतात. लाल फिल्टर लावला की चारांतला एकच पिक्सेल नीट काम करतो आणि बाकीचे उपाशी राहतात. रंगीत रॉ घ्यावी आणि कृष्णधवल करताना निळा रंग गडद करावा; जांभ्या दगडाच्या भिंतीमागचे आकाश तेवढ्यानेही खुलते. पोलरायझर मात्र जरूर ठेवावा, कारण पावसाळ्यात ओल्या पानांवरची चकाकी काढून त्यांचा खरा हिरवा रंग देणे नंतर संगणकावर जमत नाही.

वाळू, मीठ आणि पावसाळा

गोव्यात कॅमेरा सांभाळणे हा विषय फिल्मच्या काळातही गंभीर होता. कॉम्पॅक्टमुळे तो अधिक गंभीर झाला आहे, कारण लेन्स सुटी करून दुरुस्तीला देता येत नाही. लेन्सच्या आत बुरशी धरली किंवा सेन्सरवर धूळ बसली तर पूर्ण कॅमेरा उघडावा लागतो आणि तो खर्च पुष्कळदा परवडत नाही. आत-बाहेर होणारी झूम लेन्स प्रत्येक हालचालीसोबत हवा आत ओढते आणि तिच्यासोबत बारीक धूळही. म्हणून वारा सुटलेला असताना किनाऱ्यावर असा कॅमेरा चालू-बंद करत राहू नये, पँटच्या खिशात सुटा टाकू नये, आणि लेन्सच्या नळीवर वाळूचा कण दिसला तर ती आत न घेता आधी हवेच्या फुग्याने झटकावा. घरी आल्यावर किंचित ओलसर, मऊ कापडाने बाहेरचा मिठाचा थर पुसून लगेच कोरड्या कापडाने पुसावे.

रिको जीआर थ्री आणि सोनी आरएक्स १०० या मालिकेतील कॅमेरे पाण्यापासून सुरक्षित केलेले नाहीत, आणि एक्स १०० मालिकेतील नव्या मॉडेलनाही पुढे कडी व फिल्टर बसवल्यावरच थोडेफार संरक्षण मिळते. माशेलच्या चिखलकाल्यात (चिखलात खेळायच्या उत्सवात) किंवा सांजावाच्या, म्हणजे विहिरीत उड्या मारायच्या सणाच्या, दिवशी विहिरीकाठी उभे राहायचे असेल तर पाण्यात चालणारा वेगळा कॅमेरा घ्यावा. दिवरच्या फेरीबोटीत भुरभुरणाऱ्या पावसासाठी मात्र छत्री आणि लेन्ससाठी भोक पाडलेली प्लास्टिकची पिशवी पुरते.

जून ते सप्टेंबर या काळात हवेतला ओलावा कपाटातही शिरतो. कॅमेरा कातडी पिशवीत ठेवू नये, कारण कातडे ओल धरते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे लहान मीटर, एवढे साहित्य पुरेसे आहे. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. दाण्यांचा रंग बदलला की ते वाळवून पुन्हा वापरता येतात, पण निळ्या दाण्यांत विषारी कोबाल्ट क्लोराइड असते, त्यामुळे ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नयेत. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरावा, कारण बंद अंधारात बुरशी लवकर वाढते. वातानुकूलित खोलीतून किंवा गाडीतून एकदम बाहेर काढलेल्या थंड लेन्सवर दव धरते. बाहेर पडताना तो बंद पिशवीतच ठेवून वीस-तीस मिनिटे बाहेरच्या हवेशी जुळू द्यावा.

बॅटरीचा हिशेबही बदलतो. के १००० चे प्रकाशमापक छोट्या बटणासारख्या सेलवर दीर्घकाळ चालत असे आणि सेल संपला तरी शटर चालूच राहायचे. जीआर थ्रीची बॅटरी एका भरणीत सुमारे २०० छायाचित्रांसाठी आहे. दोन जादा बॅटऱ्या खिशात असाव्यात.

छत्तीसची शिस्त

फिल्मने दिलेला सर्वांत मौल्यवान गुण म्हणजे शटर दाबण्यापूर्वी थांबण्याची सवय, आणि ती डिजिटलवर आपोआप टिकत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत छायाचित्र काढल्यावर पडद्यावर आपोआप दिसण्याची सोय बंद ठेवावी, उजेडाची खात्री करायची असेल तेव्हाच बटण दाबून हिस्टोग्राम पाहावा, आणि एका फेरीत छत्तीस छायाचित्रांवर थांबावे. पडद्याकडे पाहत असताना समोरचा माणूस बदललेला असतो. मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभापाशी बरोबर कावळा येऊन बसण्याचा क्षण मान खाली घातलेल्याला दिसत नाही. जागेवर काहीही पुसून टाकू नये. दुसऱ्या दिवशी सर्व छायाचित्रे लहान आकारात एकत्र मांडून, कॉन्टॅक्ट शीट पाहावी तशी पाहावीत, आणि मगच निवड करावी.

निवडलेल्यांचे प्रिंट काढावेत. २४ मेगापिक्सेलची, म्हणजे ६००० × ४००० पिक्सेलची फाइल इंचाला ३०० ठिपके या दराने २० × १३ इंचांपर्यंत जाते, आणि इतका मोठा प्रिंट ३५ मिमी निगेटिव्हवरून काढताना आपल्याला दाणे मोजावे लागत होते. संगणकाच्या पडद्यावर डिजिटल छायाचित्रातला आवाज, म्हणजे उंच आयएसओचा रवाळपणा, खुपतो. कागदावर तो बहुतेक नाहीसा होतो. कॅमेऱ्यातली रवाळपणा कमी करणारी सोय म्हणून शक्य तितकी मंद ठेवावी, नाहीतर त्वचा मेणासारखी दिसते.

फाइली आणि जुन्या निगेटिव्ह

कार्ड हे साठवणीचे ठिकाण नाही. घरी आल्यावर छायाचित्रे संगणकावर उतरवावीत, दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर करावी, आणि तिसरी घराबाहेर, नातेवाइकांकडे किंवा क्लाउडवर ठेवावी. दोन प्रती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉर्मॅट करू नये. फोल्डरला वर्ष, महिना, प्रसंग आणि गाव असे नाव द्यावे, उदाहरणार्थ ‘२०२५-०३ शिगमो फोंडा’, म्हणजे तारखेप्रमाणे सर्व आपोआप ओळीने लागतात. हार्ड डिस्कही कॅमेऱ्यासारख्याच कोरड्या डब्यात ठेवावी.

डिजिटल कॅमेरा आला म्हणून निगेटिव्ह माळ्यावर टाकू नयेत. अनेक कॉम्पॅक्टना ३५ मिमीची चौकट चौकटभर टिपण्याइतके जवळ जाता येत नाही, त्यामुळे त्यांची डिजिटल प्रत काढण्यासाठी फिल्म स्कॅन करणारा स्कॅनर वापरावा. सुरुवात सर्वांत जुन्या पाकिटांपासून करावी. अ‍ॅसिटेटच्या फिल्मला उष्ण, दमट हवेत शिरक्यासारखा वास येऊ लागतो, म्हणजे तिचा पायाच विघटित होऊ लागलेला असतो; हा वास लागलेल्या पट्ट्या इतरांपासून ताबडतोब वेगळ्या कराव्यात, कारण त्यातून निघणारे आम्ल शेजारच्या चांगल्या फिल्मलाही बिघडवते, आणि त्या वाकून ठिसूळ होण्यापूर्वी सर्वांत आधी स्कॅन कराव्यात.